डग्गा पातळ का वाजतो? व्हॉल्व्ह प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्पची जोडी न जमण्याची कारणं

तक्रार ठरलेलीच असते. प्रीॲम्प (सोर्स निवडणारा, व्हॉल्यूमची नॉब असलेला डबा) चांगला, पॉवर ॲम्पही (स्पीकर चालवणारा डबा) चांगला, दोन्ही नीट ऐकून, पारखून घेतलेले. एकत्र जोडले की मात्र तबल्याचा डग्गा पातळ होतो, व्हॉल्यूमची नॉब केसभर हलवली की घर दणाणतं, आणि गायक आलापात थांबला की स्पीकरमधून सूं-सूं ऐकू येते. मग व्हॉल्व्ह (सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) बदलले जातात. त्यानं भागलं नाही की केबल बदलली जाते, पुढे कोणीतरी महागडा कपॅसिटर सुचवतं. नव्या वस्तूचं कौतुक असतं तोवर थोडे दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच सुरू होतं.

पुन्हा तेच होतं, कारण मूळ कारणाला कोणी हात लावलेला नसतो. अशा दहा तक्रारींपैकी बहुतेकींत एकही वस्तू बिघडलेली नसते. बिनसलेला असतो तो दोन डब्यांमधला हिशोब, आणि तो शाळेतल्या भागाकारापलीकडचा नाही.

ठाण्यातल्या एका स्नेह्यांची गोष्ट घेतो, कारण तिच्यात जवळजवळ सगळं आलं. त्यांच्याकडे ६९२२ व्हॉल्व्हचा लाइन प्रीॲम्प आणि ईएल३४ व्हॉल्व्हचा पॉवर ॲम्प होता. जोडी छान वाजायची. पण मे महिन्यात बंद खोलीत चार ईएल३४ पेटवून यमन ऐकणं सगळ्यांना झेपतंच असं नाही. म्हणून त्यांनी पॉवर ॲम्प काढला आणि तळहाताएवढा, थंड राहणारा क्लास डी (ट्रान्झिस्टरचा) ॲम्प आणला. डग्गा त्याच दिवशी गेला. फोनवर म्हणाले, "अहो, व्हॉल्व्ह म्हातारे झाले असणार, दुसरं काय?" कालपर्यंत तेच व्हॉल्व्ह तरणेबांड होते, याचा त्यांना विसर पडला होता.

चार आकडे

जोडी जमेल की नाही हे सांगणारे आकडे चार: प्रीॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा अडथळा, ओहममध्ये), त्याच्या आउटपुटला असलेल्या कपलिंग कपॅसिटरचं मूल्य (मायक्रोफॅरडमध्ये), पॉवर ॲम्पचा इनपुट इम्पिडन्स आणि पॉवर ॲम्पची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे पूर्ण ताकदीनं वाजायला त्याला किती व्होल्ट लागतात ते.

व्हॉल्व्हच्या प्लेटवर, म्हणजे सिग्नल जिथून बाहेर निघतो त्या टोकावर, दीडशे-दोनशे व्होल्ट डीसी असतं. ते पुढच्या ॲम्पमध्ये जाऊ नये म्हणून मध्ये कपॅसिटर असतो. हा कपॅसिटर आणि पॉवर ॲम्पचा इनपुट इम्पिडन्स मिळून एक फिल्टर तयार होतो आणि तो खालचे स्वर कापतो. कुठून कापतो ते काढायला सोपं सूत्र आहे: १५९ या आकड्याला किलोओहम (प्रीॲम्पचा आउटपुट आणि पॉवर ॲम्पचा इनपुट यांची बेरीज) गुणिले मायक्रोफॅरडनं भागा, उत्तर हर्ट्झमध्ये येतं. त्या फ्रिक्वेन्सीला आवाज ३ डेसिबलनं उतरलेला असतो, आणि उतार त्याच्या बराच वरून सुरू झालेला असतो. २० हर्ट्झपर्यंतचा बास जवळजवळ शाबूत हवा असेल तर हे उत्तर ७ हर्ट्झच्या आसपास किंवा त्याखाली यायला हवं.

स्नेह्यांच्या प्रीॲम्पमध्ये कपॅसिटर होता ०.२२ मायक्रोफॅरडचा आणि आउटपुट इम्पिडन्स साधारण ३ किलोओहम. जुन्या व्हॉल्व्ह पॉवर ॲम्पचा इनपुट १०० किलोओहम. बेरीज १०३, गुणिले ०.२२, १५९ ला त्यानं भागलं की उत्तर ७ हर्ट्झ. ज्यानं तो प्रीॲम्प बनवला त्याचं काम चोख होतं. नव्या क्लास डी ॲम्पचा इनपुट होता १० किलोओहम. बेरीज १३, उत्तर ५५ हर्ट्झच्या वर! म्हणजे ४० हर्ट्झला साडेचार डेसिबलहून जास्त घट, ६० ला पावणेतीन आणि अगदी १०० हर्ट्झलाही एक डेसिबलच्या वर. डग्ग्याचा घुमार नेमका याच पट्ट्यात असतो, पखवाजाचा त्याहून जास्त.

जुन्या काळी हा प्रश्न फारसा यायचा नाही, कारण व्हॉल्व्हसमोर व्हॉल्व्हच असायचा. १९५९ मध्ये आलेल्या डायनाको स्टीरिओ ७० च्या इनपुटला ४७० किलोओहमचा रेझिस्टर आहे. त्याच्यासमोर कुठलाही प्रीॲम्प सुखानं नांदतो. ट्रान्झिस्टर आले तसा हा आकडा ४७, २२, २० किलोओहम असा घसरत गेला, आणि स्टुडिओ किंवा पीए (सभा-समारंभातल्या ध्वनिक्षेपणाच्या) कामासाठी बनवलेल्या ॲम्पमध्ये तर १० किलोओहम सर्रास दिसतो. त्यात वावगं काही नाही. ट्रान्झिस्टरच्या प्रीॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स शंभर-दोनशे ओहम असतो, त्याला १० किलोओहम म्हणजे काहीच नाही.

पॉवर ॲम्पचा इनपुट प्रीॲम्पच्या आउटपुटच्या निदान दहापट असावा, हा नियम बहुतेकांना पाठ असतो. नियम बरोबर आहे, पण अर्धाच सांगितला जातो. माहितीपत्रकात छापलेला आउटपुट इम्पिडन्स १००० हर्ट्झला मोजलेला असतो. तिथे कपॅसिटरचा अडथळा नगण्य असतो. ०.२२ मायक्रोफॅरडचा हाच कपॅसिटर २० हर्ट्झला ३६ किलोओहमचा अडथळा करतो. तेव्हा "३ किलोओहम" वाचून समाधानी होऊ नका. बासच्या टोकाला तुमच्या प्रीॲम्पचा इम्पिडन्स त्याच्या दसपटीहून जास्त असू शकतो.

पत्रक नसेल तर मोजा

सेकंडहँड किंवा कोणीतरी हातानं बनवलेला प्रीॲम्प असेल तर पत्रक कुठून आणणार? पण मोजणं सोपं आहे. एक डिजिटल मल्टिमीटर, १० किलोओहमचा रेझिस्टर आणि मोबाइलमधलं टोन वाजवणारं कुठलंही ॲप एवढ्यावर भागतं.

पॉवर ॲम्प पूर्ण बाजूला ठेवा. मोबाइल प्रीॲम्पच्या लाइन इनपुटला जोडा, ४०० हर्ट्झचा टोन लावा आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवून आउटपुटला बरोबर १ व्होल्ट येईल असा व्हॉल्यूम लावा. नॉब तशीच ठेवून आरसीए जॅकच्या मधल्या टोकापासून बाहेरच्या रिंगपर्यंत १० किलोओहमचा रेझिस्टर जोडा आणि पुन्हा वाचा. मग हेच ४० हर्ट्झला करा. मुद्दाम ४० म्हणतोय, ५० नाही, कारण आपल्या विजेचा हम ५० ला असतो आणि तो वाचनात मिसळतो. साधे मीटर ४००-५०० हर्ट्झच्या वर भरवशाचे नसतात, म्हणून १००० हर्ट्झही टाळा.

ठाण्याच्या प्रीॲम्पनं असे आकडे दिले: ४०० हर्ट्झला १ व्होल्टचे झाले ०.७६, आणि ४० हर्ट्झला ०.४५. पहिल्यावरून आउटपुट इम्पिडन्स निघतो. १ ला ०.७६ नं भागा, त्यातून १ वजा करा आणि उरलेल्याला १० किलोओहमनं गुणा, म्हणजे तीनच्या जरा वर. दोन आकड्यांमधली तफावत कपॅसिटरची. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले असते तर कपॅसिटर निर्दोष ठरला असता. ०.७६ आणि ०.४५ कागदावर शेजारी शेजारी लिहून दाखवले तेव्हा त्यांचा व्हॉल्व्ह खरेदीचा बेत रद्द झाला.

४०० हर्ट्झलाच व्होल्टेज कोसळून ०.२ वर आलं तर गोष्ट वेगळी. तो बहुधा १२एएक्स७, म्हणजे ईसीसी८३, आणि थेट प्लेटवरून बाहेर काढलेला. या व्हॉल्व्हचा प्लेट रेझिस्टन्स साठ किलोओहमच्या घरात असतो. १०० किलोओहमच्या प्लेट लोडसकट आउटपुट इम्पिडन्स चाळीसच्या आसपास येतो. गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याची पट, भरपूर, पण ताकद नाही. त्याच्यासमोर १० किलोओहम आला तर सगळाच आवाज १४ डेसिबलनं खाली जातो, वर डिस्टॉर्शन वाढतं ते वेगळंच, कारण मिलिअँपिअरभर करंटवर चालणारा व्हॉल्व्ह त्या लोडला करंट पुरवू शकत नाही. इथे कपॅसिटर कितीही मोठा लावा, उपयोग नाही. असा प्रीॲम्प केबलच्या बाबतीतही नाजूक असतो. आरसीए केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. तीन मीटर केबल आणि ४० किलोओहम धरले तर वरचे स्वर १३ किलोहर्ट्झपासूनच ३ डेसिबल खाली. केबल बदलल्यावर आवाज खरोखर बदलतो अशी जी मोजकी ठिकाणं आहेत त्यांतलं हे एक. आउटपुट इम्पिडन्स १ किलोओहम असेल तर हीच मर्यादा ५०० किलोहर्ट्झच्या पलीकडे जाते आणि केबलवरची सगळी चर्चा गप्पांपुरती उरते.

उपाय, स्वस्त ते महाग

पहिला उपाय इतका स्वस्त आहे की लोकांना तो खरा वाटत नाही. पॉवर ॲम्पला जाणाऱ्या आरसीए प्लगच्या आत, सिग्नलच्या वायरमध्ये, दर चॅनेलला एक रेझिस्टर. ठाण्याच्या जोडीला ३३ किलोओहमचा पाव वॉटचा मेटल फिल्म लावला. आता प्रीॲम्पला समोर १० नाही, ४३ किलोओहम दिसतात. बेरीज ४६, उत्तर १६ हर्ट्झ. ४० हर्ट्झची साडेचार डेसिबलची घट अर्ध्या डेसिबलच्या जरा वर उरली. अर्थात याची किंमत आहे: आवाज पूर्वीपेक्षा ११ डेसिबलनं कमी झाला. पण त्यांच्याकडे गेन उतू चालला होता, म्हणून ही किंमत नव्हे, बक्षीसच ठरलं. प्रीॲम्पची सूं-सूं तेवढ्याच डेसिबलनं खाली गेली आणि नॉब आठ वाजताच्या जागेवरून अकराच्या पुढे आली. एका दगडात दोन पक्षी म्हणतात ते हेच.

दोन पथ्यं पाळा. रेझिस्टर पॉवर ॲम्पच्या बाजूच्या प्लगमध्येच लावा, प्रीॲम्पच्या बाजूला नाही. नाहीतर पुढची सगळी केबल त्या मोठ्या रेझिस्टरच्या मागे येते आणि वरचे स्वर जातात. दुसरं, काही ॲम्पच्या इनपुटला रेडिओचा त्रास टाळायला छोटा कपॅसिटर असतो. तो २२० पिकोफॅरडचा असेल तर निर्धास्त राहा. १००० चा असेल तर ३३ किलोओहमसोबत तो २० किलोहर्ट्झलाच कापायला लागतो, तेव्हा रेझिस्टर कमी करा आणि कपॅसिटरच्या उपायाकडे वळा. आणखी मोठा रेझिस्टर लावून १६ चे ७ हर्ट्झ करायचा मोहही आवरा. तेवढ्याच आवाजाला प्रीॲम्पला मग जास्त व्होल्ट काढावे लागतात आणि त्याचं डिस्टॉर्शन वाढतं.

दुसरा उपाय प्रीॲम्प उघडून आउटपुट कपॅसिटर मोठा करणं. १३ किलोओहमला २.२ मायक्रोफॅरड लावला तर उत्तर साडेपाच हर्ट्झ. कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा आणि निदान ४०० व्होल्टचा, शक्यतो ६३० चा घ्या. चालू असताना त्याच्यावर दीडशेच व्होल्ट दिसत असतील, पण सुरू केल्यापासून व्हॉल्व्ह तापेपर्यंत पूर्ण एचटी (व्हॉल्व्हना पुरवला जाणारा उच्च डीसी दाब) त्याच्यावर येतो. असला कपॅसिटर अंगठ्याहून जाड असतो, तेव्हा बोर्डवर जागा आहे का ते बघूनच मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली गाठा. दुकानदार इलेक्ट्रोलिटिक पुढे करेल ("हाच चालतो साहेब, सगळे हाच नेतात"). इथे तो घेऊ नका. त्यातून थोडं डीसी नेहमी झिरपतं आणि आपल्याला पुढे नको आहे ते नेमकं तेच. शिवाय तबकडी ऐकणाऱ्यांनी फार मोठ्या कपॅसिटरच्या मागे लागू नये. वाकड्या रेकॉर्डमुळे येणारं ५-६ हर्ट्झचं हेलकावणं मग थेट वूफरपर्यंत पोचतं, आणि शंकू नाचताना दिसतो पण ऐकू काहीच येत नाही.

उघडण्याआधी एक सूचना, आणि ती गांभीर्यानं घ्या. व्हॉल्व्ह प्रीॲम्पच्या आत अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये ते टिकून राहतं. मोजून शून्य झाल्याची खात्री केल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. ही सवय नसेल तर काम कारागिराला द्या, त्यात कमीपणा नाही.

तिसरा उपाय बफर, म्हणजे आउटपुट इम्पिडन्स खाली आणणारी जादा पायरी. १२एएक्स७ थेट प्लेटवरून काढलेल्या प्रीॲम्पला खरं औषध हेच. कॅथोड फॉलोअर हा त्याचा जुना, ओळखीचा प्रकार. १२एयू७ चा कॅथोड फॉलोअर चार-पाचशे ओहमचा आउटपुट देतो. नुसत्या मॉसफेटचा सोर्स फॉलोअरही छान चालतो, पण "पूर्ण व्हॉल्व्ह" या अभिमानापायी पुष्कळांना तो पटत नाही. माझं मत विचाराल तर ऐकणाऱ्या कानाला मॉसफेट दिसत नाही.

सबवूफर जोडला आणि बास गेला

हे वाक्य मी खरंच ऐकलंय, आणि ते बरोबरही असतं. पॉवर ॲम्प ४७ किलोओहमचा, सगळं सुरळीत. मग हौसेनं वाय केबल लावून त्याच आउटपुटवरून सबवूफर घेतला जातो. त्याचा इनपुट १० किलोओहम. दोन्ही समांतर आले की प्रीॲम्पला दिसतात जेमतेम सव्वाआठ. मुख्य स्पीकरचा बास उतरतो आणि सबवूफर त्याच्याच कापलेल्या सिग्नलवर गुरगुरत राहतो. सबवूफरला स्पीकर टर्मिनलवरून घेणारा हाय लेव्हल इनपुट असेल तर तिथून जोडा, प्रीॲम्पवरचा बोजा गेला. फक्त तुमचा पॉवर ॲम्प ब्रिज्ड आउटपुटचा नाही ना, हे आधी पत्रकात तपासा. बरेच क्लास डी ॲम्प तसे असतात आणि त्यांचं काळं टर्मिनल ग्राउंड नसतं.

असाच छुपा पाहुणा टेप आउटला असतो. तिथे लावलेला रेकॉर्डर किंवा यूएसबी इंटरफेस बंद असला तरी वायरनं जोडलेलाच असतो. बंद ठेवलेल्या ट्रान्झिस्टर उपकरणाच्या इनपुटमधले संरक्षक डायोड मोठ्या सिग्नलला अर्धवट चालू होतात आणि तुमच्या मुख्य आवाजात खरखरीत डिस्टॉर्शन मिसळतं. आवाज वाढवला की फाटतो आणि कारण सापडत नाही, अशा वेळी टेप आउटची केबल उपटून बघा.

सूं-सूं आणि आठ वाजता अडकलेली नॉब

बास ठीक आहे, पण गेनचं गणित चुकलंय, अशाही जोड्या असतात. सीडी प्लेअर आणि बहुतेक डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारे डबे) पूर्ण आवाजाला २ व्होल्ट देतात. प्रीॲम्पचा गेन दहापट असेल तर त्याचे झाले २० व्होल्ट. आता समोर १९७५ मध्ये आलेला क्वाड ४०५ ठेवा. त्याला १०० वॉटला फक्त अर्धा व्होल्ट लागतो आणि इनपुट आहे २० किलोओहमचा. गरजेच्या चाळीसपट! नॉब सुरुवातीच्या इंचभरातच राहणार. तिथे नॉबमागच्या साध्या पोटेन्शिओमीटरच्या, म्हणजे पॉटच्या, डाव्या-उजव्या बाजू सारख्या चालत नाहीत, म्हणून हळू आवाजात गायक एका स्पीकरकडे सरकतो. लोक याचं खापर व्हॉल्व्हच्या मॅचिंगवर फोडतात. नॉब वर नेल्यावर गायक मध्ये येत असेल तर दोष पॉटचा आणि गेनचा.

सूं-सूंचं निदानही नॉबवरूनच होतं. नॉब फिरवल्यावर ती कमी-जास्त होत असेल तर ती पॉटच्या आधीची, म्हणजे सोर्स किंवा फोनो स्टेजची (तबकडीचा सिग्नल वाढवणाऱ्या भागाची). नॉब शून्यावर असतानाही तेवढीच असेल तर पॉटच्या नंतरच्या व्हॉल्व्हची, आणि पॉवर ॲम्प तिला इमानेइतबारे वाढवतोय. क्वाड ४०५ चा गेन छप्पनपटीच्या वर आहे. प्रीॲम्पमधल्या ०.२ मिलिव्होल्टचे स्पीकरवर ११ मिलिव्होल्ट होतात आणि रात्रीच्या शांततेत ते जाणवतात. इथे शांत व्हॉल्व्ह शोधत बसण्यापेक्षा प्लगमध्ये दोन रेझिस्टर लावा: सिग्नलमध्ये ३३ किलोओहम, आणि त्यानंतर सिग्नलपासून ग्राउंडला १० किलोओहम. आवाज साडेपंधरा डेसिबलनं उतरतो आणि प्रीॲम्पला २० ऐवजी जवळजवळ ४० किलोओहम दिसतात. तयार मिळणारे इनलाइन ॲटेन्युएटर हेच करतात, पण त्यांतल्या काहींचा स्वतःचा इनपुट इम्पिडन्स फारच कमी असतो, तेव्हा घेताना तो आकडा विचारा. पॉवर ॲम्पवर गेनची नॉब असेल तर आधी ती उतरवून बघा, सोल्डरिंग गन तापवायचीही गरज पडणार नाही.

हम

हम म्हणजे कोणी न विचारता लावून ठेवलेला तानपुरा. पॉवर ॲम्पच्या इनपुटला शॉर्टिंग प्लग (सिग्नल आणि ग्राउंड आतल्या आत जोडलेला प्लग) लावा. तरीही हम असेल तर पॉवर ॲम्प किंवा त्याची वीज बघा. नसेल तर नुसता प्रीॲम्प जोडा, मग एकेक सोर्स. ज्याच्यानंतर हम उमटला तो गुन्हेगार. आपल्याकडे बहुतेक वेळा तो सेट टॉप बॉक्स असतो, कारण केबलवाल्याची कोॲक्सिअल वायर गच्चीवरून स्वतःचं वेगळंच अर्थिंग घेऊन येते. तिच्यावर गॅल्व्हानिक आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन अर्थिंगचा थेट जोड तोडणारी डबी) लावा. तीन पिनांच्या चार्जरचा लॅपटॉप हा दुसरा संशयित.

ग्राउंड लूप (अर्थिंग दोन वाटांनी जोडलं गेल्यानं झालेलं वेटोळं) फक्त दोन ॲम्पमध्येच असेल तर दोन्ही प्लग एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या आणि आरसीए केबल आखूड ठेवा. त्यानंही गेला नाही तर लाइन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, पण तो चांगल्या प्रतीचा, कारण स्वस्तातला ट्रान्सफॉर्मर जो बास आपण एवढ्या खटपटीनं परत आणला तोच खातो. काहीही झालं तरी अर्थिंगची तिसरी पिन काढायची नाही. "पिन काढली की हम जातो" हा सल्ला खरा आहे, म्हणूनच घातक आहे. उद्या आत इन्सुलेशन फुटलं तर तेच व्होल्टेज डब्याच्या पत्र्यावर येईल आणि फ्यूज उडण्याऐवजी तुमचा हात मध्ये सापडेल.

डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरात अर्थिंग आहे असं नुसतं दिसतंय, प्रत्यक्षात बहुधा सॉकेटमागे वायरच नाही. जुन्या चाळींत आणि वाड्यांत हे नेहमीचं. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग करून घ्या, ॲम्प त्यानंतर.

वीज गेली, आली, ठप्प झालं

व्हॉल्व्ह प्रीॲम्प तापेपर्यंत त्याचा आउटपुट कपॅसिटर चार्ज होत असतो आणि तो धक्का चालू असलेल्या पॉवर ॲम्पमधून "ठप्प" असा आवाज करत स्पीकरवर जातो. म्हणून आधी प्रीॲम्प सुरू करायचा, मिनिटभरानं पॉवर ॲम्प. बंद करताना आधी पॉवर ॲम्प. हे सगळ्यांना माहीत असतं, विसरतं ते वीज गेल्यावर. अंधारात आपण मेणबत्ती शोधतो, दोन्ही बटणं चालूच राहतात, आणि वीज परत येते तेव्हा दोन्ही एकदम जागे होतात. वीज गेली की पहिला हात पॉवर ॲम्पच्या बटणावर. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर व्हॉल्व्ह प्रीॲम्प त्याच्यावर चालवूच नका. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो ते गुणगुणतोच, शिवाय त्या वेव्हचं शिखर साइन वेव्हपेक्षा बरंच ठेंगणं असल्यानं एचटी खाली येतो आणि आवाज मरगळतो.

ठप्प रोजच मोठा होत चालला असेल तर प्रीॲम्पच्या आउटपुटला डीसी मोजा. पॉवर ॲम्प जोडलेला नको, प्रीॲम्प दहा मिनिटं तापलेला हवा. दोन-चार मिलिव्होल्ट चालतील. शंभराच्या घरात असेल तर कपलिंग कपॅसिटर गळतोय, आणि डीसी कपल्ड (सिग्नलच्या वाटेत कपॅसिटर नसलेला) पॉवर ॲम्प ते डीसी वाढवून वूफरच्या कॉइलला देईल. साठ-सत्तरच्या दशकांतला मूळ पेपर कपॅसिटरांचा प्रीॲम्प घेतला असेल तर हे मोजमाप पहिल्यांदा जोडण्याआधीच करायचं.

एक्सएलआर (तीन पिनांचा बॅलन्स्ड जोड) ते आरसीए ॲडॅप्टर वापरणाऱ्यांनी एवढंच बघावं की त्यात पिन ३ ग्राउंडला जोडलेली आहे का. प्रीॲम्पचा बॅलन्स्ड आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा असेल तर तसं चालतं. दोन्ही फेज व्हॉल्व्हवरून थेट येत असतील तर तुम्ही एक बाजू शॉर्ट करताय. तिथे पिन ३ मोकळी ठेवणारा ॲडॅप्टर हवा.

नवीन पॉवर ॲम्प घ्यायला जाल तेव्हा वॉटच्या आधी दुकानदाराला इनपुट इम्पिडन्स आणि सेन्सिटिव्हिटी विचारा. ४७ किलोओहम किंवा जास्त आणि दीड-दोन व्होल्ट, असं उत्तर आलं तर बहुतेक व्हॉल्व्ह प्रीॲम्प त्याच्याशी जमवून घेतात. थेट प्लेटवरून काढलेला १२एएक्स७ असेल तर १०० किलोओहमही कमीच, तिथे बफर धरूनच चाला. १० किलोओहम असं उत्तर आलं तर प्रीॲम्पचा कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा आहे ते घरी जाऊन वाचा, १५९ चा भागाकार करा आणि मगच पैसे द्या.